दिवेलागणीची घुरघुर

"थोडी घुरघुर आहे काका, पण चालते तेवढी," असं म्हणत कोणी लाउडस्पीकरचं मशीन माझ्या टेबलावर ठेवलं की माझं डोकं सणकतं. चालते म्हणजे? ज्याला चालते त्यानं घरी न्यावं, माझ्याकडं कशाला आणावं? सून म्हणते, बाबा, गिऱ्हाइकाशी गोड बोलत जा. गोड बोलायला मी काय पेढे विकतो? आता हात कापतात, सोल्डर मारताना चष्म्यावर चष्मा चढवावा लागतो, पण कान शाबूत आहेत. हे कान तयार झाले आमच्या टोलीत, एका तुपाच्या डब्यापुढं बसून. तो डबा मी माझ्या हातानं बांधला होता, मोठ्या भावाच्या गिटारीसाठी, आणि त्याची घुरघुर काढता काढता अर्धा वेडा झालो होतो. त्या एका पावसाळ्याचं इथं लिहितो आहे.

आमची बौद्धांची टोली गावाबाहेर, नाल्याच्या पलीकडं. तिथून अड्याळ सायकलनं जवळ. घर दोन खोल्यांचं, पुढं ओसरी, आणि ओसरीवर दिवसभर माय आणि वहिनी विड्या वळत बसलेल्या. वहिनी म्हणजे वसंतादादाची बायको. तेंदूच्या पानावर चालणाऱ्या त्यांच्या कात्र्यांची कचकच आमच्या घरात चूल पेटायच्या आधी सुरू व्हायची. तंबाखूचा वास भिंतींत इतका मुरला होता की पाहुणा आला की आधी शिंकायचा आणि मग जयभीम करायचा. जेवायला भात आणि लाखोळीच्या डाळीचं पातळ वरण; पावसाळ्यात परसातल्या कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या, आणि बोडीच्या पाण्यातले झिंगे मिळाले तर घरात सण. माय झिंग्यांत सांभार, आमच्याकडची कोथिंबीर, अशी टाकायची की शेजारची सुमित्राकाकू कुडावरून विचारायची, "काय व, आज कोनाचं लगन हाये तुह्या घरी?" माय म्हणायची, "ये ना मंग, अक्षता घिऊन." बा मी लहान असतानाच वारला होता. घराचा भार दादावर होता.

दादा राइस मिलमध्ये पोती वाहायचा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवयांवरसुद्धा कोंडा बसलेला असायचा. अंग धुवायचा, चहा प्यायचा आणि खुंटीवरची गिटार काढायचा. ती गिटार त्यानं नागपूरहून जुनी आणली होती. टोलीत गिटार म्हणजे नवलच, लोक तिला बेंजोच म्हणायचे आणि दादा दरवेळी चिडून सांगायचा, "अबे बेंजो नोहे, गिटार हाये ते." शिकवायला कोणी नव्हतं. रेडिओवरचं गाणं ऐकायचं आणि बोटं चाचपडत सूर शोधायचे, एवढीच त्याची शाळा. आम्हा घरच्यांना मात्र तो मोठा वाजवणारा वाटायचा. आमच्या भावासारखा वाजवणारा सगळ्या भंडारा जिल्ह्यात नाही, असं मी अड्याळच्या दुकानात छाती फुगवून सांगत असे.

त्या वर्षी दोन गोष्टी एकदमच आल्या. वहिनीच्या भावानं नाकाडोंगरीकडच्या खाणीत दादासाठी जागा बघून ठेवली होती आणि तो निरोपावर निरोप धाडत होता. दुसरीकडं वडश्याकडच्या एका नाटक कंपनीचा मॅनेजर गिटारवाल्याच्या शोधात होता. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावजत्रा, सुरू झाल्या की झाडीपट्टीत गावोगाव नाटकं होतात, आणि नाटकाला बाजा, वाजवणाऱ्यांचा ताफा, लागतो. मॅनेजरला मात्र नुसती गिटार नको होती. त्याला सिनेमाच्या रेकॉर्डमध्ये असते तशी लांब रडणारी गिटार पाहिजे होती, तार एकदा छेडली की आवाज विझूच नये अशी. दादा मला म्हणाला, "पाय गा, ह्या मॅनेजरनं घेतलं त घेतलं. नाही त मी खाणीत जातो. मिलमंदी मान गेली, खाणीत छाती जाईन, काय फरक पडते? पण एकडाव मले बाजाच्या मंदात बसून पाहाचं हाये." दादा असं मागणारा माणूस नव्हता. त्यानं कधी स्वतःसाठी चांगली चप्पलसुद्धा मागितली नव्हती, आणि म्हणूनच मी त्या डब्याच्या मागं हात धुऊन लागलो.

मी तेव्हा अड्याळला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. मेलेल्या रेडिओंतले व्हॉल्व्ह, म्हणजे ते काचेचे, आत लाल तार पेटणारे दिवे, मला मिळायचे. ट्रान्झिस्टर आले होते, व्हॉल्व्हला कोणी विचारत नव्हतं. पण रडणारा आवाज निघतो तो व्हॉल्व्हमधूनच, हे मी दुकानातलं एक जुनं मशीन आवाज पार वाढवून ऐकलं होतं. वनस्पती तुपाचा मोठा डबा कापून त्याची पेटी केली, आत दोन व्हॉल्व्ह एकामागं एक जोडले, रेडिओचा ट्रान्सफॉर्मर बसवला. पायानं चालू-बंद करायला ट्रकचा डिप्पर लावला, ड्रायव्हर पायानं दाबून हेडलाइट खालीवर करतात तो. गिटारीच्या तारांखाली चुंबकाचा पिकअप बसवला, त्याची वायर डब्यात, डब्याची वायर लाउडस्पीकरच्या मशीनला. डबा दुसरं काही करत नाही, आलेला आवाज शेकडो पटीनं फुगवतो. पण त्याला गाणं कोणतं आणि कचरा कोणता हे कळत नाही. जे आत शिरेल ते सगळं तो फुगवून बाहेर टाकतो.

पहिल्या दिवशी मिलला सुट्टी होती, दुपारी दादानं डिप्पर दाबून एक तार छेडली आणि आवाज असा लांबत गेला की वहिनीच्या हातातली विडी सुटली. माय म्हणाली, "बाप्पा! हे त मानसावानी रडते!" दादा नुसता हसत होता. संध्याकाळी टोलीतल्या लोकांना ऐकवायला पुन्हा बसलो, दिवे लागले आणि डबा घुरघुरायला लागला. साधी घुरघुर नव्हती ती. झोपलेल्या म्हशीच्या छातीला कान लावल्यासारखा जाड, संथ आवाज, आणि गिटार त्याच्या खाली कुठंतरी बुडालेली. लोक थोडा वेळ बसले, एकमेकांकडं पाहून हसले आणि उठून गेले.

मला वाटलं, डबा तापला की बोलतो. दुपारी थंड असतो, संध्याकाळपर्यंत तापतो. एवढी सरळ गोष्ट. मग मी व्हॉल्व्ह बदलले. व्हॉल्व्हच्या तारांना पीळ दिला. कंडेन्सर नवे टाकले. ट्रान्सफॉर्मर डब्याच्या बाहेर काढून लांब ठेवला. गिटारपासून डब्यात येणारी वायर जाळीदार घेतली. एकेक व्हॉल्व्ह काढून बघितलं, कुठल्या टप्प्यावर घुरघुर शिरते ते. पहिल्याच टप्प्यावर, गिटार शिरते तिथूनच. डबा उचलून अड्याळला दुकानात नेला तर तिथं एकदम गप्प! तिथं दिवे लागल्यावरसुद्धा गप्प. दुकानाचे मालक म्हणाले, "तुह्या डब्याले काही झालं नाही, तुह्या कानाले झालं हाये." मी रागारागानं घरी आलो, संध्याकाळी लावला, आणि पुन्हा तेच. रडू यायचं बाकी होतं. खरं सांगायचं तर एकदा आलंच, नाल्यावर जाऊन बसलो तेव्हा.

दुकानात गप्प आणि घरी घुरघुर, म्हणजे अर्थिंगचा दोष, हे कोणीही सांगेल. पुस्तकात लिहिलेलं होतं, चांगलं अर्थिंग दिलं की घुरघुर जमिनीत जाते. जमीन म्हणजे शून्य. मी परसात खड्डा खणला, तांब्याचा पत्रा पुरला, वर कोळसा टाकला, मीठ टाकलं, पाणी ओतलं, आणि डबा त्याला बांधला. घुरघुर वाढली. आणखी मीठ, आणखी पाणी. आणखी वाढली. अर्थिंग काढून टाकलं तर घुरघुर जरा बदलायची, पण गिटारची तार दादाच्या बोटांना झिणझिण चावायची. दादा हात झटकत म्हणायचा, "ठीक हाये ना गा, आधीपेक्षा कमी हाये." कमी नव्हती. तो माझ्यासाठी खोटं बोलत होता, आणि त्याचं मला जास्त लागायचं.

आता टोलीची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. विजेच्या खांबावरून दोन तारा येतात, एक येणारी आणि एक परतीची. आमच्या टोलीकडची परतीची तार उन्हाळ्याच्या वादळात तुटली होती. लाइनमनला सांगून सांगून लोक थकले. आमची टोली लाइनच्या शेवटाला, आणि शेवटाच्या माणसाकडं कोण बघतो? मग लोकांनी आपली तोड काढली. प्रत्येक घरानं अंगणात लोखंडी सळाख ठोकली आणि परतीची तार तिला बांधली. वीज खांबावरून यायची, बल्बातून जायची आणि जमिनीतून परतायची. सळाखेशी ओल असली की दिवा जरा उजळ लागतो, हेही बायांना उमगलं होतं. म्हणून दिवेलागणीला प्रत्येक घरची बाई तांब्या घेऊन अंगणात यायची आणि सळाखेवर पाणी घालायची. माय तर पदर घेऊन घालायची. धर्म बदलला तेव्हा आमच्या अंगणांतल्या तुळशी गेल्या होत्या, सुमित्राकाकू म्हणायची, "तुयस गेली न सळाख आली, बाईच्या हातचा तांब्या काही सुटला नाही." आम्ही हसायचो. आमच्या घरचीही सळाख होती, आणि मला तिच्यात काही वावगं वाटत नव्हतं. जमीन सगळं पिऊन घेते, असं मीही धरूनच चाललो होतो.

एका संध्याकाळी डबा उघडा ठेवून ओसरीवर बसलो होतो. मॅनेजरचा निरोप आलेला होता, तो चार दिवसांनी पवनीहून परतताना दिवेलागणीला आमच्याकडं उतरणार होता. त्याची रीतच अशी की कलाकाराला घरी जाऊन पाहायचा. दारू पितो का, बायकोशी भांडतो का, हे घरीच कळतं म्हणे. मी नुसता ऐकत होतो. घुरघुर एकदम आली नाही, पायरी पायरीनं चढली. थोडी, मग थोडी जास्त, मग आणखी. आणि मग माय तांब्या घेऊन अंगणात गेली, पाणी घातलं, आणि डबा ढेकर दिल्यासारखा वाढला.

"माय, काय केलं तू आत्ता?"

"काय करीन? सळाखीले पानी घातलं."

मी उठून पळत सुमित्राकाकूच्या घरात शिरलो आणि तिला न विचारता बटन बंद केलं. ती ओरडली, "काहून रे, बावचळला काय?" मी तसाच माघारी पळालो. घुरघुर एक पायरी उतरली होती. सगळ्या टोलीची वीज आमच्या पायांखालून परत जात होती, आणि मी मीठ घालून, पाणी ओतून, मोठ्या मायेनं ती माझ्या डब्यात बोलावत होतो. डब्यात काही दोष नव्हता. जमीनच आमची शून्य नव्हती.

दुसऱ्या दिवशी दादा आणि मी लाइनच्या ऑफिसात गेलो. तिथल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "वायर आली की लावू." कधी येईल, तर वरून आली की. नाल्याअलीकडं गावात लाइन चांगली होती, पण तिथल्या कोणाच्या ओसरीवर मशीन मांडून वाजवू द्या, हे त्या काळी आमच्या तोंडून निघणारं नव्हतं, आणि निघालं असतं तरी ओसरी मिळाली नसती. शेवटी मायच म्हणाली, "एवढंच ना? लाईट बंद ठेवाचे ना? मी सांगतो सगळ्याइले." आणि ती घरोघर गेली. कोणाला काय कळलं असेल देव जाणे, पण नाही कोणी म्हणालं नाही. सुमित्राकाकू म्हणाली, "वसंता बाजात लागत असन त एक सांज काय, हप्ताभर अंधारात जेवू."

मॅनेजर आला तेव्हा सगळी टोली अंधारात बसलेली होती. कुठं कुठं रॉकेलची चिमणी. लोकांनी पोरांनासुद्धा दाबून धरलं होतं. मॅनेजर पन्नाशीचा, बोलायला मऊ माणूस, कोंड्याच्या पोत्यावर टाकलेल्या चादरीवर बसला, चहा प्यायला, तंबाखूच्या वासानं दोनदा शिंकला आणि म्हणाला, "हां, होऊ द्या वसंतराव." दादाला वसंतराव कोणी पहिल्यांदाच म्हटलं होतं. मी डबा चालू केला. आमच्या एकट्या घराची वीज ती केवढी? आवाज नाही. शिजत्या भातासारखी बारीक सळसळ तेवढी, आणि बाकी सगळं स्वच्छ. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. मी जिंकलो होतो!

दादानं डिप्पर दाबला आणि वाजवायला सुरुवात केली.

मी आजवर दादाला अंधारात, स्वच्छ, असं कधी ऐकलंच नव्हतं. आधी डबा नव्हता, सूर टणकन उमटून विझायचे. मग डबा आला तर घुरघुर आली. दिवसा तो मिलमध्ये असायचा, आणि त्या पहिल्या दुपारी त्यानं नुसती एक तार छेडली होती. आता सूर विझत नव्हते, आणि झाकायला काही नव्हतं. बोट सुरावर जरा उशिरा पोचत होतं. तार थोडी खाली दाबली जायची आणि तो कच्चा सूर डबा इमानदारीनं लांबवत न्यायचा. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये एक खरड यायची, ती पण मोठी होऊन यायची. त्याच्या बोटांना पोत्यांनी घट्टे पाडले होते. ती बोटं वळत नव्हती. मला वाटलं, मला एकट्यालाच ऐकू येत असेल. मी मॅनेजरकडं पाहिलं, आणि त्यानं नजर चहाच्या बशीकडं वळवली. त्यानं आणखी एक गाणं वाजवायला सांगितलं, मग आणखी एक. वाईट माणूस असता तर पहिल्यावरच उठला असता. तिसऱ्या गाण्यात दादाच्या लक्षात आलं. हे मी पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलं, पण गाणं त्यानं पुरं केलं.

मॅनेजरनं बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "वाजवता बरं, वसंतराव. आनखी मेहनत पायजे." आणि माझ्याकडं वळला. "हा डबा कोनं बनवला?" दादाच म्हणाला, "ह्यानं जी. माह्या भावानं." मॅनेजर डब्याजवळ वाकला, टिचकी मारली, म्हणाला, "असा साफ आवाज मी नागपुरात पन आयकला नाही. आमच्याकडं वाजवनारा एक हाये, पोरगा चांगला हाये, पन त्याची गिटार नुसती घुरघुर करते. तुम्ही चाला ना कंपनीत. डबा घिऊन. मशीनचं सगळं तुमच्याकडंच राहीन."

मी गेलो, हे आताच सांगून टाकतो. दादानंच धाडलं. "घरातून एकजन त बाजात बसला पायजे," म्हणाला, आणि स्वतः खाणीवर निघून गेला. बाजात मी बसलो नाही, मी बाजाच्या मागं बसलो, आणि पुढचं सगळं आयुष्य या कामावर काढलं. दादा खाणीतून सुट्टीवर यायचा तेव्हा माझ्या कंपनीची हकिकत हौसेनं विचारायचा. गिटारचं त्यानंही काढलं नाही आणि मीही नाही. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण त्या ओसरीवर त्या वेळी मला काय वाटलं ते सांगायला अजून धड शब्द नाहीत. एवढंच वाटत होतं की मी त्या घुरघुरीला हात लावायला नको होता. ती असती तर मॅनेजर डब्याला नावं ठेवून गेला असता, आणि दादा जन्मभर मनात मोठा वाजवणारा राहिला असता.

मॅनेजर चपला घालून अंधारात वाट चाचपडत निघून गेला. माय दारात उभी होती. तिला बोलणं नीट कळलं नव्हतं, ती एकदा माझ्याकडं आणि एकदा दादाकडं बघत होती. वहिनीला कळलं होतं. ती आत जाऊन चुलीपुढं बसली. दादा गिटार मांडीवर घेऊन तसाच बसून राहिला. सगळी टोली कान लावून होती, पण विचारायचं कोणी धाडस करत नव्हतं. शेवटी सुमित्राकाकूला राहवलं नाही. तिनं अंधारातून हाक मारली, "काय झालं रे वसंता? घेतलं का तुले?"

दादानं घसा साफ केला आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं.

"घेतलं काकू, घेतलं! लावा आता लाईट."

टोलीत टाळ्या वाजल्या. पोरं ओरडली, कोणीतरी शिट्टी मारली. मग बाया तांबे घेऊन अंगणात आल्या, एकेक घराचा दिवा लागत गेला, आणि आमच्यामधे पडलेला डबा चालूच राहिला होता, तो हळूहळू घुरघुरायला लागला. तो बंद करायला आमच्यातलं कोणी उठलं नाही.